सरवा कोणाचा?

श्रावण-भाद्रपदात लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील एखाद्या खेड्याबाहेर उभे राहिले, तर गायरान हिरवेगार दिसते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, यंदा चाऱ्याची ददात नाही. जवळ गेल्यावर कळते की, कमरेएवढ्या उंचीच्या त्या हिरवाईत जनावराने तोंड घालावे असे जवळजवळ काहीच नाही. ते गाजरगवत असते. वास्तविक हे गवतच नव्हे. शास्त्रज्ञ त्याला सूर्यफुलाच्या कुळात बसवतात. मूळ स्थान मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. पी. एल. ४८० या कराराखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आपल्याकडे फैलावले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम अभ्यासकांच्या नजरेत भरले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर पसरले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. एकेका झाडाला दहा-पंधरा हजार बिया येतात. अंगाला लागले तर खाज सुटते, परागकणांनी दमा बळावतो आणि उपाशी गाईने नाइलाजाने खाल्लेच, तर दूध कडू होते. भुकेल्यांसाठी मागवलेल्या धान्यातून असे बी यावे, यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शुभवर्तमानातील दृष्टान्तात शत्रू रात्री येऊन निदण पेरून जातो. येथे ते भाकरीबरोबर दिवसाढवळ्या आले.

या गायरानावर आणि त्यापलीकडच्या माळावर पूर्वी काळविटांचे कळप चरत असत. काळवीट हे दाट जंगलातील जनावर नाही. त्याला दूरवर दिसेल असा मोकळा माळ आणि आखूड गवत लागते. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. नांदेडमध्ये किनवट-माहूरकडे पैनगंगेच्या काठचे जंगल आहे. पण बाकीचा जिल्हा लातूरसारखाच उघडा. म्हणजे हरणाचे घर हेच गवताळ माळ होते, आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी झाली. जे पडीक ते कोणाचेच नाही, असे समजून काही माळ नांगराखाली गेले, काहींवर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लागली आणि उरलेल्यावर गाजरगवत व वेडी बाभूळ माजली. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी १९८८ पासून तेथील लोक लढले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात अग्रभागी राहिले, याचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान आहे. तेथे वाचवायच्या गोष्टी डोळ्यांत भरणाऱ्या होत्या : बावखले, वाड्या, विहिरी. करपलेल्या माळाची बाजू घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही.

घर गेलेले हरीण शेतात येते. खरिपात सोयाबीनचा कोवळा पाला, रब्बीत हरभरा. त्याच्या मागोमाग रोही आणि रानडुक्कर. पूर्वी ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईचे तास घालीत. तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत. सोयाबीन आले, करडई मागे पडली आणि ते जिवंत कुंपणही गेले. आता शेतकरी बायकोच्या जुन्या साड्या शेताभोवती बांधतो, फटाके वाजवतो, पौष-माघाच्या थंडीत जागलीला जातो. काही जण तारेत वीज सोडतात. त्या तारेला हरीण चिकटते, कधी शेजारचा माणूसही चिकटतो. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याला मारणे हा गंभीर गुन्हा ठरतो. नुकसानभरपाई मिळण्याची सोय आहे. पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांतून ती हाती येईपर्यंत पुढची पेरणी येते, हा सर्वांचाच अनुभव.

अशा परिस्थितीत एक विचार सुचतो आणि तो वरकरणी निर्दोष वाटतो. गाजरगवताने खाल्लेली जमीन तशीही कोणाच्या उपयोगाची नाही. ती साफ करावी, तेथे चांगले गवत लावावे आणि ती हरणांसाठी सोडावी. रानाची सोय रानात झाली, तर शेतावरचा भार थोडा हलका होईल. प्रश्न विचारायचा तो पुढे : असे करणे हा धर्म आहे, हौस आहे, की ज्यांच्या ताटात काहीच नाही त्यांच्या डोळ्यांदेखत केलेला दानाचा देखावा?

काम कसे होते, ते आधी पाहू. कारण नीतीची चर्चा कष्टाचा अंदाज न घेता केली की ती पोकळ होते. आपल्या राज्यात असे काम झाले आहे ते मुख्यतः विदर्भात. मेळघाट आणि ताडोबा या व्याघ्रप्रकल्पांतून जी गावे बाहेर वसवली गेली, त्यांच्या ओसाड शेतांवर आधी तरोटा, रानतुळस, गाजरगवत यांचेच राज्य झाले. गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाने तेथे कुरणे उभी राहिली. रीत सोपी आहे, पण चिकाटीची. तण फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटायचे, आणि एकदा उपटून भागत नाही. मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे उगवत राहते. त्याच वेळी आसपासच्या रानातून स्थानिक गवतांचे बी गोळा करायचे आणि पावसाच्या तोंडावर टाकायचे. काळ्या जमिनीत मारवेल, मुरमाड जमिनीवर पवन्या. गवताचे ठोंब एकमेकांना भिडेपर्यंत तण डोके वर काढतेच. एकदा भिडले की ते हटते. गाजरगवतावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून आपल्या देशात सोडला गेला आहे. पावसाळ्यात तो पाने खातो, एरवी जमिनीत दडून बसतो. तो मदतनीस खरा, पण एकट्याने शेत साफ करणारा गडी नव्हे. गाजरगवत हटवण्यासाठी तरोट्याचे बी फेकण्याचा सल्लाही दिला जातो. तरोट्याने ते मागे हटते हे खरे. मात्र हरणाच्या दृष्टीने एक अखाद्य जाऊन दुसरे आले, एवढेच. शिवाय तरोट्याची एक जात स्वतःच परदेशी पाहुणी आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गव्हातील निदणाचा दृष्टान्त (मत्तय १३) ऐकताना आपल्याकडचे शेतकरी मनातल्या मनात हसत असतील. सुगीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे मालक म्हणतो. गाजरगवत सुगीपर्यंत वाढू दिले, तर पुढच्या वर्षी सुगीच नाही! अर्थात प्रभू येशू तेथे खुरपणीचा धडा देत नव्हता. तो माणसांविषयी बोलत होता आणि माणसाच्या बाबतीत घाईने निवाडा करून त्याला उपटून टाकू नका, असे सांगत होता. तणाच्या बाबतीत मात्र वेळेवर उपटणे हाच दयाळूपणा. आपण बहुधा नेमके उलट करतो : माणसांना लवकर उपटतो आणि तण उभे ठेवतो.

रानटी जनावरांसाठी पेरणी करण्याची पद्धत अमेरिकेत फार रुळलेली आहे. तेथे जमीनमालक हरणांसाठी लसूणघासासारखी, क्लोव्हरसारखी पिके घेतात. बियाण्यांच्या कंपन्या खास त्यासाठी मिश्रणे विकतात. बहुतांशी ही पेरणी शिकारीसाठी असते. हरीण चरायला येते आणि मचाणावर बंदूक वाट पाहत असते. सगळेच असे करतात असे नव्हे, काहींना निव्वळ हरणे पाहण्याचाच आनंद असतो; परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. जो चारतो, त्याला आपल्या चाऱ्याचा मोबदला अपेक्षित असतो, मग तो मांसाच्या रूपाने असो वा दृश्याच्या. आपल्याकडेही पर्यटकांना वाघ दिसावा म्हणून हरीण हवे आणि हरीण टिकावे म्हणून कुरण हवे, अशी साखळी जुळू लागली आहेच.

पवित्र शास्त्रात याहून वेगळी रीत आहे आणि तिच्यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे : सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात जी कणसे, शेंगा, दाणे पडून राहतात तो सरवा. रूथची कथा आपण त्याच शब्दाने वाचतो. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, शेताचा कानाकोपरा कापू नका, पडलेले वेचू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मराठवाड्यातील कितीतरी आयाबायांनी भुईमुगाचा, तुरीचा सरवा वेचून लेकरांची पोटे भरली आहेत. त्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. या आज्ञेतील बारकावा असा की, मालकाने धान्य गोळा करून गरिबाच्या दारात नेऊन द्यावे, असे ती म्हणत नाही. मालकाने फक्त हात आवरायचा. कोण येतो, किती नेतो, आभार मानतो की नाही, हे त्याने पाहायचे नाही. ते दान नसून हक्क आहे. म्हणूनच रूथ बवाजाच्या शेतात मान खाली घालून भीक मागत नाही. ती कष्टाने वेचते.

निर्गम ग्रंथ आणखी एक पाऊल पुढे जातो. सहा वर्षे जमीन पेरा, सातव्या वर्षी तिला पडीक राहू द्या. तिच्यात आपोआप जे येईल ते तुमच्या लोकांतील गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून जे उरेल ते रानातल्या जनावरांनी खावे (निर्गम २३:१०-११). हे वचन आपण अनेकदा ऐकले असेल, पण त्याच्या उत्तरार्धावर प्रवचन क्वचितच होते. रानपशूंचे नाव तेथे सहज आलेले नाही. लेवीय ग्रंथात शब्बाथवर्षाच्या उत्पन्नाचे वाटेकरी मोजताना पुन्हा त्यांचा उल्लेख येतो. त्याही आधी, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, माणसाला बीज देणारी झाडे अन्न म्हणून दिल्यावर लगेच पुढच्या वचनात परमेश्वर पशुपक्ष्यांना हिरवा पाला देतो. माणसाची सत्ता सांगणारे वचन आपल्याला पाठ असते. त्याला लागूनच असलेली ही वाटणी मात्र आपण विसरतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अन्य जीवांना आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे बजावले, तेव्हा काहींना ते नवे वाटले. वास्तविक ते मोशेच्या नियमाइतके जुने आहे.

तथापि त्या वचनातील क्रम डोळ्याआड करता येणार नाही. आधी गरीब, मग रानपशू. आणि नेमका येथेच गायरानाचा प्रश्न टोकदार होतो. मराठवाड्यातील गायरान म्हणजे नुसती चराऊ जमीन नव्हे. ज्यांना गावाने कधी जमीन मिळू दिली नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच मुरमाड माळावर बाजरी, मटकी पेरून पोट भरले. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते या जमिनींसाठी. १९७८ आणि १९९१ साली राज्य सरकारने जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे आदेश काढले, तरी अनेकांच्या नावावर सातबारा आजही चढलेला नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतात शेतमजुरी आणि ऊसतोडीवर जगणारी जी कुटुंबे आहेत, त्यांतील कितीतरी जणांच्या घरी हा इतिहास आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे. अशा गायरानावर उद्या कोणी ‘हरणांसाठी राखीव’ अशी पाटी लावली, तर तिला सृष्टिप्रेम म्हणायचे का?

माझ्या मते नाही. बवाजाने सरवा सोडला तो स्वतःच्या शेतात. दुसऱ्याच्या शेताचा कोपरा देवाला अर्पण करून कोणी पुण्यवान होत नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा (१ राजे २१) या संदर्भात पुन्हा वाचावी. अहाब राजाला तो मळा हवा होता भाजीपाल्याच्या बागेसाठी. हेतू काही वाईट नव्हता. बदल्यात तो याहून चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. पुढे जे घडले ते आपल्याला ठाऊक आहे. मेळघाटातील कोरकू कुटुंबांना २००८ पासून पुनर्वसनासाठी दहा लाख रुपयांचा पर्याय दिला गेला. पुष्कळांनी तो राजीखुशीने घेतला असेल; जंगलात दवाखाना नाही, रस्ता नाही, म्हणून बाहेर पडलेलेही असतील. पण जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसितांपैकी काही कुटुंबे जुन्या गावांकडे परतली आणि वनखात्याशी त्यांचा संघर्ष झाला, यावरून सगळ्यांचा हिशेब चुकता झाला नव्हता हे उघड आहे. तेथे आज डोलणारे गवत मनोहर आहे आणि त्यामागचे शास्त्र खरे आहे. तरीही त्या गवताखाली कोणाची चूल होती, हे विचारण्याचा हक्क ख्रिस्ती माणसाने सोडू नये.

मग गरिबांचा प्रश्न सुटेपर्यंत हरणांनी थांबावे काय? असाही निष्कर्ष मला मान्य नाही. कारण आज त्या गायरानावर गरीबही चरत नाही आणि हरीणही. तेथे गाजरगवत उभे आहे. दोघांचाही वाटा त्याने गिळला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. मोकाट चराई थांबली, गवत वाढू दिले, आणि लोकांनी ते विळ्याने कापून घरी नेले. हीच रीत गायरानाला लागू पडते. तण उपटण्याची मजुरी रोजगार हमीतून गावातल्याच बायांना मिळावी, गवताला बी धरून ते गळून पडेपर्यंत थांबावे, मग भूमिहीनांच्या शेळ्या-म्हशींसाठी पहिली कापणी आणि ठोंबांशी जे उरेल ते हरणांना. म्हणजे निर्गम ग्रंथातील क्रमच. भूमिहीनाचा ताबा जेथे आहे तेथे त्याच्या संमतीवाचून खुरपेही लावू नये.

असिसीचे संत फ्रान्सिस यांच्याविषयी दोन आठवणी त्यांच्या जुन्या चरित्रांत नोंदलेल्या आहेत. मठाच्या बागेचा एक भाग न पेरता ठेवावा, म्हणजे तेथे रानफुले आणि रानगवत आपोआप वाढेल, असे ते बाग राखणाऱ्या बंधूला सांगत. आणि नाताळच्या दिवशी रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, मुबलक खायला मिळेल, असा हुकूम सम्राटाने काढावा अशी त्यांची इच्छा होती. दुसरी आठवण अधिक गोड आहे आणि गोठ्याच्या देखाव्याशेजारी आपण ती आवडीने सांगतो. मला मात्र पहिली अधिक मोलाची वाटते. धान्य टाकणे हे एका सणाचे काम. मोकळा सोडलेला वाफा बारा महिने असतो.

व्यवहारही याच बाजूने आहे. हरणांसाठी म्हणून ज्वारी, मका पेरला, तर सर्वांत आधी रानडुकरे येतील, आणि ती त्या तुकड्यात थांबणार नाहीत. आयते धान्य मिळाले की त्यांची वीण वाढते आणि शेजारच्या शेतकऱ्याचे हाल दुप्पट होतात. आपल्या भूतदयेचा खर्च शेजाऱ्याच्या खळ्यातून वळता करणे हा अन्याय आहे. गवताचे तसे नाही. मारवेलीच्या पट्ट्यात काळवीट चरेल, ससा लपेल, तित्तर-लावे बी टिपतील. डुकराला तेथे धान्यासारखे आमिष नाही. एवढ्याने शेतातली हरणे नाहीशी होतील, असे कोणी वचन देऊ नये. गवत झाले तरी कोवळा हरभरा हरणाला गोडच लागणार. जागलीला जाणाऱ्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, ही मागणी कुरणाच्या मागणीइतक्याच जोराने आपण केली पाहिजे. नाहीतर शहरातल्या माणसाने हरणावर प्रेम करायचे आणि त्याची किंमत औसा-अहमदपूरच्या तीन एकरवाल्याने मोजायची, असे होईल.

राहिला प्रश्न, सुरुवात कोणी करायची. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी, हे ओघानेच आले. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, धर्मग्रामांची आवारे यांच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. कुंपणाच्या आत पावसाळ्यात जे कमरेएवढे वाढते, ते बहुतेक ठिकाणी गाजरगवतच असते. तेथे कोणा भूमिहीनाला उठवावे लागत नाही. उंच तारेच्या कुंपणातून हरीण आत येणार नाही, हे खरे. पण गवताचे बी तयार करायला ती जागा उत्तम आहे. चार वर्षांत त्या बियाण्यावर गावचे गायरान पेरता येईल.

शेताचा कोपरा किती मोठा असावा, हे लेवीय ग्रंथ सांगत नाही. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास यहुदी धर्मशास्त्र्यांनी जी मिश्ना संकलित केली, तिच्यात याच विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कमीत कमी साठावा हिस्सा सोडावा, असे तिचे म्हणणे. आपल्या मापात एकराला पाऊण गुंठ्याहूनही कमी, म्हणजे सुमारे सव्वासातशे चौरस फूट. एवढ्यावर काळवीट जगत नाही, मात्र ससा, लावे आणि मधमाश्या जगतात. आणि दहा शेजाऱ्यांचे कोपरे एका धुऱ्याला लागून आले, तर त्याचा पट्टा होतो. ज्याची जमीन दोन-तीन एकरच आहे, त्याच्याकडून मी तेवढेही मागणार नाही. त्याच्या धुऱ्यावर मारवेल बहुधा आधीपासूनच असते. तणनाशकाचा पंप पाठीवर घेतल्यावर तेवढा एक धुरा त्याने वगळावा.